जाते थांबू नये

नरकचतुर्दशीच्या पहाटे, पहिल्या आंघोळी आटोपून फराळाची ताटे मांडली जाण्यापूर्वी, आमच्या घरी आईच्या ओव्या लावायच्या असा शिरस्ता आहे. आई जाऊन आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. १९८३ साली आमच्या दादांनी तिला माजघरातल्या जात्यापाशी बसवून त्या ओव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या. "नुसतीच म्हणते की," असे आई म्हणाली होती. पण दादांनी हट्ट धरला, सुपात जोंधळे घालून दिले आणि खरोखरच दळायला लावले. त्यामुळे त्या कॅसेटवर गाणारे दोघे आहेत. एक आई आणि दुसरे जाते.

गेल्या दिवाळीला मी नवा फोन घेतला होता. भाच्याने जुन्या फोनमधल्या ओव्या त्यात उतरवून दिल्या. पहाटे मी त्या लावल्या. पहिली ओवी संपली आणि जाते थांबले. क्षणभरच, डोळ्याचे पाते लवावे इतकेच. मग दुसरी ओवी सुरू झाली, तीही संपली आणि पुन्हा जाते थांबले. सव्वीस ओव्यांत ते पंचवीस वेळा थांबले. घरातल्या कुणाच्याही ते ध्यानात आले नाही. माझ्या मात्र आले, कारण लहानपणी मी त्या घरघरीवर झोपत असे आणि ती थांबली की जागा होत असे.

दिवाळी अंकात परीक्षण यावे ते कथासंग्रहाचे, कादंबरीचे, फार तर एखाद्या नाटकाचे. मी येथे करणार आहे ते परीक्षण खिशातल्या यंत्रावर गाणे वाजवून दाखवणाऱ्या प्रणालींचे आहे. विषय तंत्रज्ञांचा असताना माझ्यासारख्या निवृत्त मराठीच्या मास्तराने त्यात का पडावे, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की, ह्या प्रणाली जे करतात ते काम मुळात तंत्राचे नाही, साथीचे आहे. आणि साथ बरी की वाईट हे ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा असतो.

*

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाणे आकसून, दाबून लहान करण्याची विद्या संगणकाबरोबर आली असे आपण समजतो. तसे नाही. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले, तेव्हाच आपल्या संगीताला पहिला मोठा संकोच सोसावा लागला. तासभर फुलणारा राग दहा इंची तबकडीच्या तीन मिनिटांत बसवायचा! गाणाऱ्यांनी तो बसवला, आणि त्यातून एक नवा घाट निर्माण झाला. तो संकोच गायकाच्या बुद्धीने केलेला होता. काय ठेवायचे नि काय गाळायचे हे ज्याचे गाणे तोच ठरवीत होता.

आजचा संकोच निराळा आहे. तो गाणे झाल्यावर, गाणाऱ्याला न विचारता होतो. सीडीवर प्रत्येक सेकंदाचा आवाज ४४,१०० वेळा मोजून लिहिलेला असतो. दोन्ही बाजूंचा हिशेब धरला तर सेकंदाला चौदा लाख अकरा हजार बिट होतात. एमपीथ्री ह्या नावाने जी पद्धत घरोघर पोहोचली, ती एवढा ऐवज सहज अकराव्या हिश्श्यावर आणते. तिची युक्ती अशी की, माणसाच्या कानाला जे ऐकूच येणार नाही ते लिहायचे नाही. कुकरची शिटी वाजत असताना शेजारच्या चमच्याची किणकिण आपल्याला ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाच्या सावलीत लहान आवाज झाकला जातो. तो झाकलेला आवाज ही पद्धत गाळून टाकते. जर्मनीत एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत ह्या कामाचा मोठा भाग झाला, आणि १९९५ सालच्या जुलैत त्या फाइलींना एमपीथ्री हे शेपूट मिळाले.

ह्या पद्धतीचे एक जनक कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग ह्यांनी आपल्या विद्येची परीक्षा पाहण्यासाठी जे गाणे निवडले, ते मला फार बोलके वाटते. सुझान व्हेगा ह्या अमेरिकन गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे ते गाणे. त्यात एकही वाद्य नाही. एकटी बाई गाते. मोठ्या वाद्यवृंदाच्या गर्दीत गाळलेले काही खपून जाते; एकट्या उघड्या गळ्याशी मात्र लबाडी चालत नाही, ती लगेच कानाला कळते. तो गळा नीट ऐकू येईपर्यंत त्यांना आपली पद्धत पुनःपुन्हा सुधारावी लागली. एक बाई, तिच्यामागे कुणी नाही, आणि यंत्राची सारी परीक्षा तिच्यापाशी! हे वाचले तेव्हा मला आमचे माजघर आठवल्यावाचून राहिले नाही.

आईच्या मागे मात्र जाते होते, आणि ते यंत्राला गळ्याहूनही अवघड गेले. तंबोऱ्याचा स्वर यंत्राला सोपा असतो, कारण तो पुनःपुन्हा तोच येतो आणि थोडक्या अंकांत त्याचे वर्णन करता येते. जात्याची घरघर, पावसाचा आवाज, जुन्या तबकडीची खरखर ह्यांना असा नियम नसतो. जे नियमाने सांगता येत नाही ते थोडक्यातही सांगता येत नाही. भाच्याने २००४ साली पहिल्यांदा ओव्या संगणकावर घेतल्या, तेव्हा जागा वाचवावी म्हणून सेकंदाला चौसष्ट हजार बिटच ठेवले. आईचा गळा ओळखू येत होता; पण जात्याच्या जागी कुणी तरी पाण्यात बुडबुडे काढीत असल्याचा भास होत होता. माझी मुद्रा पाहून तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सारे पुन्हा केले, ऐसपैस जागा देऊन केले, आणि ह्या वेळी ऑग व्हॉर्बिस नावाच्या पद्धतीने केले.

*

हे नाव ऐकून मी चमकलो होतो. भाच्याने समजावले, "मामा, एमपीथ्रीवर मालकी हक्क आहेत. ती वापरून यंत्र करणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. ही सर्वांची आहे." क्रिस मॉन्टगोमेरी ह्या अमेरिकन गृहस्थाने १९९८ साली हे काम आरंभले आणि २००२ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती जगाला फुकट दिली. आईची ओवी कुणाच्या मालकीची नाही, तर ती ठेवायची पेटीही तशीच असावी, हा त्या पोराचा विचार मला पटला. किंबहुना अभिमान वाटला.

तत्त्व उत्तम होते. अडचण इतकीच की ओव्या वाजेनात. मी तेव्हा खिशात मावणारे एक यंत्र घेतले होते. अशा यंत्रांचा जमाना १९९८ साली सुरू झाला; पहिल्यावहिल्यांत बत्तीस मेगाबाइट जागा असे, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे गाणे. २००१ साली आयपॉड आला तो पाच गिगाबाइट घेऊन. माझे यंत्र ह्या दोहोंच्या मधले, आणि त्याला एमपीथ्रीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. ऑगची फाइल दिली की ती यादीत दिसतच नसे. नकार देण्याचीही एक रीत असते. ह्या यंत्राने आईला दारातून परत पाठवले नाही, ती दारात उभीच नाही असे दाखवले.

ह्यात निव्वळ हेकटपणा नव्हता, हे मला पुढे कळले. दाबलेले गाणे उलगडायला हिशेब फार करावा लागतो, आणि तो दशांश चिन्हाच्या पुढल्या आकड्यांचा असतो. टेबलावरच्या संगणकाला ते सहज जमे. त्या काळच्या हातातल्या यंत्रांच्या मेंदूत बहुधा पूर्णांकांचेच गणित असे, अपूर्णांकाची सोयच नसे. तेव्हा कुणी तरी तोच हिशेब केवळ पूर्णांकांत मांडून दाखवणे आवश्यक होते. एमपीथ्रीसाठी रॉबर्ट लेस्ली ह्यांनी 'लिबमॅड' लिहून ते केले. ऑगसाठी २००२ साली 'ट्रेमर' आले. आमच्या गावचे किराणा दुकानदार पावकी-निमकीच्या बळावर कागदावाचून व्याजाचा हिशेब करीत, त्याच जातीची ही कर्तबगारी आहे. असल्या कारागिरांची नावे कुठल्या मुखपृष्ठावर येत नाहीत, म्हणून येथे लिहितो.

त्यांच्या श्रमावर मग वाजवणारे उभे राहिले. माझ्या एका मित्राजवळ तळहातावर मावणारा संगणक होता. त्यावर टीसीपीएमपी नावाचा, फुकट मिळणारा वाजवणारा त्याने बसवला होता. दिसायला अगदी रुक्ष, पण समोर येईल ते वाजवणारा. त्याच्या बाल्कनीत उभे राहून, कानात तार घालून मी २००५ साली आईची ओवी हातातल्या यंत्रावर पहिल्यांदा ऐकली. मित्र चहा घेऊन आला तो तसाच परत गेला. मित्र असावा तर असा.

नंतर भाच्याने मला एक जुना आयपॉड आणून दिला. आयपॉड स्वतःच्या प्रणालीने ऑग वाजवीत नसे. पण त्याने त्यात रॉकबॉक्स बसवले होते. रॉकबॉक्सची कथा सांगण्याजोगी आहे. २००१ साली काही स्वीडिश तरुणांनी आर्कोस कंपनीचे यंत्र घेतले, त्यातल्या मूळ प्रणालीवर त्यांचे समाधान होईना, म्हणून त्यांनी स्वतःच दुसरी लिहायला घेतली. पाहता पाहता जगभरचे हौशी लोक तीत सामील झाले आणि ती निरनिराळ्या यंत्रांवर चालू लागली. तीत एक सोय आहे, जी पाहून मी टोपी काढली. पडद्यावरची यादी ती मोठ्याने वाचून दाखवते. अंध माणसाला आपले गाणे आपण शोधता यावे म्हणून हे केलेले आहे. मला डोळे आहेत. तरीही जी प्रणाली न दिसणाऱ्याचा विचार करते ती ऐकणाऱ्याचाही करील, असा मला विश्वास वाटला, आणि तो खोटा ठरला नाही. त्या यंत्रावर आईच्या सव्वीस ओव्या सलग वाजल्या. जाते एकदाही थांबले नाही.

*

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जाते थांबते कशामुळे?

भाच्याने कॅसेट संगणकावर घेताना प्रत्येक ओवीची निराळी फाइल केली होती, आणि जेथे आई श्वास घेई, नुसते जाते चाले, तेथे कापले होते. एमपीथ्रीमध्ये असा काप जोडणे मुळातच कठीण असते. ती पद्धत आवाजाचे ठराविक मापाचे तुकडे पाडते, ११५२ मोजमापांचा एक, म्हणजे सेकंदाचा सुमारे अडतिसावा भाग. शेवटचा तुकडा भरला नाही तर तो शांततेने भरून काढायचा, आणि आरंभीही थोडी शांतता येतेच. किती शांतता घातली हे लेम नावाची प्रणाली फाइलीच्या कपाळावर लिहून ठेवते. वाजवणाऱ्याने ते वाचून तेवढी गाळायची असते. ऑगमध्ये हा घोळच नाही. आवाज नेमका कुठे संपतो ते फाइलीत नोंदलेले असते. तेव्हा माझ्या नव्या फोनवर जी फट पडत होती ती फाइलीची नव्हती. ती वाजवणाऱ्याची होती. पहिली फाइल संपवायची, मिटायची, मग दुसरी उघडायची, असा त्याचा कारभार. चांगला वाजवणारा पहिली संपण्याआधीच दुसरी उघडून तयार ठेवतो.

येथे मला साथीची उपमा सुचते, आणि ती केवळ उपमा नाही असे मला वाटते. गवयाने श्वास घेतला तर पेटीवाल्याने स्वर धरून ठेवायचा असतो. गवयाबरोबर तोही श्वास घेऊ लागला तर मैफल भंगते. पेटीवाल्याचे कसब त्याच्या वाजवण्यात जितके, तितकेच त्या धरून ठेवण्यात असते. माझ्या फोनमधल्या वाजवणाऱ्याचे रूप देखणे होते, रंग बदलत होते, गाण्याबरोबर रेघा नाचत होत्या. पण जेथे धरून ठेवायचे तेथेच त्याने सोडून दिले. साथीदार नटून आला आणि सम चुकला!

भाचा म्हणाला, "मामा, सगळ्यांची मिळून एकच फाइल करून देतो. प्रश्नच मिटेल." सल्ला व्यवहाराचा होता, पण मी मानला नाही. भाऊबीजेला माझ्या नातीला पणजीची भावाची ओवी हवी असते. ती अर्ध्या तासाच्या दळणात कुठे शोधायची? आणि साथीदार कच्चा म्हणून गवयाने श्वासच घेऊ नये, हा न्याय कुठला?

मग मी शोधू लागलो. व्हीएलसी घेतला. पॅरिसच्या एकोल सांत्राल ह्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या १९९६ सालच्या प्रकल्पातून तो जन्मला. रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू त्याचे चिन्ह. द्याल ते पचवतो, कशालाही नाही म्हणत नाही. असा पाहुणा दिवाळीत प्रत्येक घरी यावा! पण त्याचा ओढा चित्रांकडे. गाणे त्याला वर्ज्य नाही, पण ते त्याचे कुलदैवतही नाही. शेवटी मी स्थिरावलो तो फूबार२००० ह्या चमत्कारिक नावाच्या वाजवणाऱ्यापाशी. पीटर पाव्लोव्स्की ह्यांनी २००२ साली तो संगणकासाठी काढला आणि पुढे फोनवरही आणला. रूप अगदी साधे. काळ्यापांढऱ्यात छापलेल्या वेळापत्रकासारखे. पण फाइलीमागून फाइल तो अशी लावतो की सांधा कळत नाही. आपण आहोत हे जाणवू न देणे हा त्याचा मोठा गुण. टीकाकाराच्या भाषेत बोलायचे तर त्याची शैली पारदर्शक आहे.

*

परीक्षकाने दुसऱ्याचे दोष सांगितले की स्वतःचाही एक सांगावा. नव्या वाजवणाऱ्याने ओव्या सलग वाजवल्या, तेव्हा मी पडद्याकडे नीट पाहिले. तेथे लिहिले होते: अनोळखी कलाकार. अनोळखी अल्बम.

मला राग आला. आणि दुसऱ्याच क्षणी कळले की यंत्र खरे तेच सांगत आहे. फाइलीत नावासाठी रकाने असतात. भाच्याने ते घाईत रिकामे सोडले होते, आणि वीस वर्षांत मलाही ते भरावेसे वाटले नव्हते. पूर्वी निदान सबब होती. एमपीथ्रीच्या जुन्या चिठ्ठीत प्रत्येक नावाला तीस बाइट मिळत, आणि हल्लीच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. 'ज्योत्स्ना' एवढ्यातच तीस संपतात. भोळे ह्या आडनावाला बाहेर उभे राहावे लागेल. ऑगमध्ये असा कोंडमारा नाही. जागा होती, आम्हीच लिहिले नाही.

गौहरजान आपल्या तबकडीच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला उमटवल्या जात. तेथल्या कारागिरांना कुणाची तबकडी ते कळावे म्हणून ही रीत. तिने रकाना स्वतःच्या गळ्याने भरला. ओवी गाणारी बाई असे करीत नाही. ओवीत भावाचे नाव येते, लेकीचे येते, विठ्ठलाचे येते; गाणारीचे बहुधा येत नाही. मग ते लिहिण्याचे काम मागे राहिलेल्यांचे असते.

त्या दिवशी दुपारी मी बसून सव्वीस फाइलींचे रकाने भरले. 'कलाकार' ह्या रकान्यात आईचे नाव लिहिताना हात अडखळला. "मी रे कसली कलाकार," असे ती म्हणाली असती. तरीही लिहिले. 'अल्बम' म्हणून काय लिहावे हे बराच वेळ सुचेना. शेवटी 'जाते' असे लिहिले.

*

एमपीथ्रीच्या मालकी हक्कांचा परवाना-कारभार २०१७ सालच्या एप्रिलात संपला. आता तीही सर्वांचीच झाली. एक कणही न गाळता गाणे निम्म्याच्या आसपास आणणारी फ्लॅक ही पद्धत २००१ पासून आहे, आणि जागेची टंचाई उरली नसल्याने भाच्याने मूळ कॅसेट आता तीत पुन्हा उतरवली आहे. पेटीचा वाद मिटला. पेटी उघडणाऱ्याचा प्रश्न राहिला. आज बहुतेक गाणी घरात राहतच नाहीत. दूरवरून येतात, वाजतात आणि जातात. त्यामुळे घरचे गाणे नीट वाजवणारा असावा, ह्याची निकड फार थोड्यांना वाटते. पण आईची ओवी कुठल्याही दूरच्या कोठारात मिळणार नाही. ती आमच्यापाशीच आहे, आणि वाजवणारा गेला तर असून नसल्यासारखी होईल.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तीत आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरे यान उडाले त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र तिच्यातला एक लहान तपशील अधिक मोलाचा वाटतो. तबकडी पाठवणाऱ्यांनी तिच्याबरोबर सुईही पाठवली, आणि ती कशी लावायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, ह्याची चित्रे वेष्टनावर कोरली. ऐकणारा कोण असेल, कुठे असेल, असेल की नाही, काही माहीत नाही. तरी त्याच्या हाती नुसते गाणे देऊन भागणार नाही, हे त्यांना कळले होते.

ह्या दिवाळीला मी नातीला एक लहानशी पेनड्राइव्ह देणार आहे. तीत ओव्या आहेत, त्या वाजवणाऱ्या प्रणालीही शेजारी ठेवल्या आहेत, आणि डबीत एक कागद घातला आहे, माझ्या अक्षरात: काय उघडायचे, कशाने उघडायचे, कुणाचा गळा आहे, कुठल्या गावचे जाते आहे. शेवटी एकच सूचना लिहिली आहे. दोन ओव्यांच्या मध्ये जाते थांबले, तर दुसरा वाजवणारा शोध.